भरलं की काय करायचं?

मी ज्या चिपसाठी पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहिले, त्या ८०५१ चिपच्या पोटात कामाला मिळणारी मेमरी होती अवघी १२८ बाइट. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह सहसा तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजून. म्हणजे या परिच्छेदाचं पहिलं वाक्यसुद्धा त्या चिपमध्ये मावलं नसतं. मी पुण्यात वीजमीटरचं फर्मवेअर लिहिते, म्हणजे मीटरच्या आत बसून युनिट मोजणारा आणि नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम. चिपा आता पुष्कळ ऐसपैस झाल्या, पण माझी सवय गेली नाही. कुठलीही यादी समोर आली की मी पहिल्यांदा विचारते, किती?

मोबाइल ॲप लिहिणाऱ्या कंपनीतून आमच्याकडे आलेल्या एका तरुणाला हा प्रश्नच अजब वाटला. "किती म्हणजे? येतील तेवढ्या. लिस्ट आहे ना मॅडम, वाढेल की."

"अरे, येतील तेवढ्या म्हणजे किती? हा मीटर वर्षानुवर्षं भिंतीवर लटकणार आहे."

तो हसला. त्याच्या जागी तो बरोबर होता आणि माझ्या जागी मीही. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकापुढे हा पर्याय कधी ना कधी येतो. ठरावीक लांबीचा ॲरे घ्यायचा, की हवी तशी वाढणारी लिस्ट? पुस्तकांत याचं उत्तर दोन ओळींत असतं: संख्या आधी ठाऊक असेल तर ॲरे, नसेल तर लिस्ट. उत्तर खोटं नाही, पण खरा गुंता त्याच्या पुढे सुरू होतो.

आधी ॲरे म्हणजे काय ते पाहू. मेमरी ही एका ओळीत बांधलेल्या, सारख्या मापाच्या खोल्यांची लांबच लांब चाळ आहे असं समजा. ॲरे मागायचा म्हणजे मालकाला सांगायचं, मला सलग दहा खोल्या द्या. पहिल्या खोलीचा पत्ता हाती आला की बाकीचे पत्ते तोंडी हिशेबाने निघतात. पहिली खोली १००० क्रमांकाच्या बाइटपासून सुरू होत असेल आणि प्रत्येक खोली चार बाइटची असेल, तर ७ क्रमांकाची खोली १००० अधिक ७ गुणिले ४, म्हणजे १०२८ वर सापडणार. (मोजणी शून्यापासून. प्रोग्रॅमर मंडळींची ही खोड आता जायची नाही.) खोल्या दहा असोत की दहा लाख, एक गुणाकार आणि एक बेरीज केली की आपण दारात उभे. शिवाय खोल्या सलग असल्यामुळे प्रोसेसर एक उघडताना शेजारच्याही उघडून ठेवतो. आजचे बहुतेक प्रोसेसर मेमरीतून एका खेपेला ६४ बाइट उचलतात, म्हणजे चार बाइटच्या सोळा खोल्या एकदम. ॲरेच्या वेगाचं निम्मं रहस्य या शेजारधर्मात आहे.

अडचण अकराव्या पाहुण्याची. दहाव्या खोलीला लागून कुणा दुसऱ्याचा संसार आहे, भिंत पाडून पुढे सरकता येत नाही. म्हणून ॲरेची लांबी सुरुवातीलाच सांगून टाकावी लागते. आयबीएमच्या जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांनी १९५७मध्ये फोरट्रान भाषा आणली, तिच्यात प्रोग्रॅमच्या आरंभीच ‘डायमेन्शन’ हा शब्द लिहून प्रत्येक ॲरेची मापं जाहीर करायची असत. ज्या आयबीएम ७०४ यंत्रावर ती चाले, त्याची मेमरी फार तर ३२,७६८ शब्दांची. अशा यंत्रावर ‘येतील तेवढ्या’ म्हणायची कुणाची टाप नव्हती.

पुढे निकलाउस विर्थ यांच्या १९७०च्या पास्कलने ही शिस्त टोकाला नेली. तिथे लांबी हा ॲरेच्या प्रकाराचाच भाग. दहा आकड्यांचा ॲरे ही एक जात आणि वीस आकड्यांचा दुसरी. दहा आकडे चढत्या क्रमाने लावणारं फंक्शन वीस आकड्यांना हातच लावायचं नाही. ब्रायन कर्निहन यांनी १९८१मध्ये ‘पास्कल माझी आवडती भाषा का नाही’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, त्यात त्यांचा सर्वांत मोठा आक्षेप हाच होता. मला तो पटतो. मर्यादा माणसाने विचार करून घातलेली असावी, भाषेने नाक दाबून घ्यायला लावलेली नको.

आता लिस्ट. नव्या मुलांना वाटतं की लिस्ट ही ॲरेहून वेगळी, अधिक लवचीक अशी काही वस्तू असते. आत डोकावलं की तिथेही ॲरेच बसलेला सापडतो. जावाची ‘ॲरेलिस्ट’, सी प्लस प्लसचा ‘व्हेक्टर’, पायथनची ‘लिस्ट’ या तिघींच्या पोटात सलग खोल्यांची तीच चाळ आहे. फरक इतकाच की जागा संपली की लिस्ट तुम्हाला न विचारता दुसरीकडे मोठी जागा बघते, सगळं सामान तिकडे हलवते, जुन्या खोल्या सोडून देते आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढचा पाहुणा आत घेते.

मोठी म्हणजे किती मोठी, यात सगळी मेख आहे. दर पाहुण्यामागे एकच खोली वाढवायची ठरवली तर दर वेळी बिऱ्हाड हलवावं लागेल. एक हजार नोंदी एकेक करून भरताना जुन्या नोंदी उचलून ठेवण्याचं काम शून्य अधिक एक अधिक दोन असं करत ९९९ पर्यंत जातं, आणि बेरीज होते ४,९९,५००. त्याऐवजी दर वेळी जागा दुप्पट केली तर? एका खोलीच्या दोन, दोनाच्या चार, असं ५१२ च्या १०२४ पर्यंत. सामान हलवण्याची एकूण बेरीज १ अधिक २ अधिक ४ … अधिक ५१२, म्हणजे फक्त १०२३. पाच लाखांच्या जवळपासचं काम एक हजारावर आलं. नोंदी दहा लाख असल्या तरी प्रत्येकीच्या वाट्याला हमालीच्या सरासरी दोनापेक्षा कमीच खेपा येतात. एखादी कृती क्वचित महाग पडत असली तरी लांबलचक मालिकेवर तिचा खर्च वाटून पाहायचा, या पद्धतीची रीतसर मांडणी रॉबर्ट टार्जन यांनी १९८५मध्ये केली. अल्गोरिदमच्या वर्गात मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट हीच.

दुप्पटच करायला हवी असं मात्र नाही. जावाची ॲरेलिस्ट पहिल्या नोंदीला दहा जागा घेते आणि मग दीडपट करत जाते: १५, २२, ३३, ४९, ७३. पायथन अधिक कवडीचुंबक आहे. तिथे एकेक नोंद जोडत गेलं तर जागा ४, ८, १६, २४, ३२, ४०, ५२, ६४ अशा वाढतात. पुढे पुढे तर वाढ आठव्या हिश्शाच्या आसपास. जास्त वाढवलं तर रिकाम्या खोल्यांचं भाडं भरा, कमी वाढवलं तर वारंवार हलवाहलव करा. प्रत्येक भाषेच्या कर्त्यांनी आपापला काटा कुठेतरी लावून ठेवला आहे.

‘सरासरीत स्वस्त’ हे शब्द ऐकले की माझ्यासारखीचे कान टवकारतात. सरासरी बिलाला ठीक आहे. माझ्या मीटरला दर सेकंदाला व्होल्टेज आणि करंटचे हजारो नमुने घ्यायचे असतात, एकही चुकवून चालत नाही. नेमक्या त्या क्षणी कुणी म्हणालं, थांबा जरा, बिऱ्हाड हलवतोय, तर? शंभर नोंदी झटकन गेल्या आणि एकशे पहिली अडकली, हे संकेतस्थळावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात ते कानाला टक्क ऐकू येतं, कारण तिथे सीडीच्या दर्जाच्या आवाजाचेच सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. दुसरं असं की सामान हलवताना काही क्षण जुनी आणि नवी अशा दोन्ही जागा ताब्यात लागतात, म्हणजे मेमरी संपत आली असतानाच लिस्ट सगळ्यात जास्त मेमरी मागते. आणि तिसरी भानगड सी प्लस प्लसवाल्यांच्या ओळखीची. जुना पत्ता कुणी वहीत लिहून ठेवला असेल तर तो बिऱ्हाड गेल्यावरही त्याच दारावर टकटक करत राहतो. आत आता कोण राहतं ते सांगता येत नाही. असे दोष शोधायला फार वेळ लागतो, कारण रोज ते दिसत नाहीत. ज्या दिवशी यादी नेमकी वाढली त्याच दिवशी दिसतात.

जागेचाही हिशेब असतो. जावामध्ये दहा लाख साध्या आकड्यांचा ॲरे सुमारे ४० लाख बाइटमध्ये बसतो. तेच आकडे ॲरेलिस्टमध्ये टाकले तर प्रत्येक आकड्याला स्वतंत्र वस्तू व्हावं लागतं. नेहमीच्या ६४ बिट यंत्रावर ती १६ बाइटची आणि तिच्याकडे बोट दाखवणारा पत्ता आणखी चार बाइटचा, म्हणजे पाचपट. म्हणूनच शास्त्रीय गणितं करणारे लोक पायथनमध्ये असूनही त्याची लिस्ट न घेता ‘नमपाय’चा ॲरे घेतात. त्याची लांबी तो जन्मतो तेव्हाच ठरते. शेवटी एक आकडा जोडायचा म्हटलं तर अख्खी नवी प्रत तयार होते. ज्या भाषेने ‘किती’ हा प्रश्न विसरायला शिकवलं, तिच्यातच मोठमोठी गणितं करताना तो प्रश्न मागच्या दाराने परत आला, याची मला जराशी गंमत वाटते.

साखळीसारख्या जोडलेल्या याद्यांचा एक तिसरा प्रकार आहे. प्रत्येक नोंद पुढचीचा पत्ता जवळ बाळगते, त्यामुळे सलग जागा लागत नाही. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी तो १९५०च्या दशकाच्या मध्यात वापरात आणला, आणि मुलाखतीत तो अजून विचारतात. रोजच्या कामात त्याची गरज क्वचितच पडते. नोंदी मेमरीभर विखुरल्या की मघाचा शेजारधर्म संपला आणि वेगही गेला. तेव्हा तो बाजूला ठेवते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की ही बाई ॲरेची वकिली करते आहे. तर आता उलटतपासणी.

ब्रिटनमध्ये ४ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर झालं की २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ करोनाबाधित रोजच्या आकडेवारीतून गळाले होते. प्रयोगशाळांकडून आलेले अहवाल सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ साच्यात ओतले जात. त्या साच्यात ६५,५३६ ओळी बसतात, एकही जास्त नाही. एका रुग्णाच्या अहवालाला अनेक ओळी लागत असल्यामुळे चौदाशेच्या आसपास रुग्ण झाले की फाइल भरून जाई. उरलेले बाहेर. रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढणाऱ्यांपर्यंत नावं पोचलीच नाहीत, आणि ते दिवस साथ वाढण्याचे होते. २००७ नंतरच्या एक्सेल साच्यात १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणून लोकांनी जुना साचा वापरणाऱ्यांना नावं ठेवली. मला ६५,५३६ या आकड्याचा राग येत नाही. दोन हा आकडा सोळा वेळा घेऊन गुणला की तो येतो, आणि ज्या काळात तो निवडला त्या काळात तो पुरेसा होता. भरल्यावर कुणी ओरडलं नाही, याचा मात्र येतो.

न ओरडणाऱ्या ॲरेचा याहून वाईट नमुना १९८८चा. सी भाषेत ठरावीक लांबीच्या ॲरेत लिहिताना टोक आलं की नाही ते कुणी तपासत नाही; ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. युनिक्स यंत्रांवर ‘फिंगर’ नावाची एक सेवा चाले, तिच्यात बाहेरून येणारी ओळ घ्यायला ५१२ बाइटची जागा होती आणि ओळ वाचणारं ‘गेट्स’ हे फंक्शन जागा किती ते विचारतच नसे. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडलेल्या प्रोग्रॅमने तिथे ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट शेजारच्या खोल्यांत सांडले, आणि तिथे यंत्राने पुढे काय करायचं याचा पत्ता लिहिलेला होता. तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं त्या प्रोग्रॅमपायी बसली. घुसायच्या इतर वाटाही त्याच्याकडे होत्या, पण सगळ्यांच्या लक्षात राहिली ती ही. ‘गेट्स’ला सी भाषेच्या प्रमाणित आवृत्तीतून हाकलायला २०११ उजाडलं.

म्हणजे ठरावीक लांबी घेतली की शहाणपण आपोआप येतं असं काही नाही. लांबी ठरवणं हे अर्धं काम. ती संपल्यावर काय करायचं ते ठरवणं हे उरलेलं अर्धं. याची मला ठाऊक असलेली सर्वांत चांगली कथा चंद्रावर उतरतानाची आहे.

ईगल यानाच्या संगणकात बदलता येणारी मेमरी २,०४८ शब्दांची. एमआयटीच्या प्रयोगशाळेत हॅल लॅनिंग यांनी रचलेला एक व्यवस्थापक प्रोग्रॅम त्यात एकाच वेळी अनेक कामं चालवत असे. प्रत्येक कामाला बारा शब्दांचा एक कप्पा मिळे आणि असे कप्पे होते आठ. मोठी गणितं असलेल्या कामांसाठी ४४ शब्दांचे आणखी पाच. नववा कप्पा मागायची सोयच नाही. २० जुलै १९६९ रोजी उतरताना एका रडारच्या जोडणीतल्या विद्युत-विसंगतीमुळे संगणकाचा काही वेळ निरर्थक मोजणीत जाऊ लागला. कामं वेळेत संपेनात, आधीचं चालू असतानाच पुढचं येऊन दारात उभं राहू लागलं आणि आठही कप्पे भरले. पडद्यावर १२०२ झळकलं. अर्थ एवढाच की कप्पा शिल्लक नाही. पुढे एकदा १२०१ आलं, म्हणजे मोठे कप्पे संपले.

त्या क्षणी संगणकाने काय करायचं ते आधीच लिहून ठेवलं होतं. सगळी कामं सोडून द्यायची, नव्याने सुरुवात करायची, आणि इंजिन, दिशा, उंची अशी ज्यांच्यावाचून उतरणं अशक्य तेवढीच कामं जिथे थांबली होती तिथून उचलायची. उड्डाणाच्या काही दिवस आधी सरावात असाच एक इशारा आला असता मोहीम सोडण्याचा चुकीचा निर्णय झाला होता. त्यानंतर ह्यूस्टनमध्ये चोवीस वर्षांच्या जॅक गार्मन यांनी प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ हाताने लिहून टेबलावर ठेवला होता. म्हणून त्यांनी आणि सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांनी काही सेकंदांत सांगितलं, चालू द्या. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन उतरले. त्या कप्प्यांची यादी वाढणारी असती तर? वाढायला जागाच नव्हती हे खरं, पण असती तरी काय झालं असतं ते मला दिसतं. इशारा आला नसता. अर्धवट कामांचा ढीग गुपचूप वाढत गेला असता आणि उंचीचा आकडा दर चक्राला थोडा थोडा शिळा होत गेला असता.

वाढत्या यादीने काय होतं त्याचं उदाहरण मंगळावर आहे. नासाची ‘स्पिरिट’ ही गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरली. तिच्या फ्लॅश मेमरीत २५६ मेगाबाइट जागा होती. तिथल्या फायलींची यादी मात्र यंत्र चालू असताना कामाच्या मेमरीत ठेवावी लागे. जितक्या फायली, तितकी यादी लांब. पृथ्वीपासून निघाल्यापासूनच्या जवळजवळ सात महिन्यांच्या प्रवासातल्या फायलीही तिच्यात होत्या. जागा कमी पडली की यादी आणखी मेमरी मागून घेई, आणि तिला ‘बस’ म्हणणारा कुणी नव्हता. जुन्या फायली पुसणारा प्रोग्रॅम पृथ्वीवरून पाठवायला घेतला होता, पण त्याचा एक भाग नीट पोचला नाही. तो पुन्हा पाठवायच्या आधीच, मंगळावरच्या अठराव्या दिवशी, मेमरी संपली. गाडीने स्वतःला बंद करून पुन्हा सुरू केलं. सुरू होताना ती फायलींची यादी वाचू लागली, मेमरी पुन्हा संपली, पुन्हा बंद. हे साठाहून जास्त वेळा झालं. रात्री झोपायचं ते सोडून ती बॅटरी खात जागी राहिली. शेवटी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांनी तिला फ्लॅशकडे न बघता सुरू व्हायची आज्ञा दिली, फायली पुसल्या आणि सगळी फ्लॅश नव्याने आखून घेतली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे २०१०पर्यंत बोलत राहिली.

त्याच प्रयोगशाळेतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६मध्ये जोखमीच्या प्रोग्रॅमसाठी दहा नियम प्रसिद्ध केले. त्यातला तिसरा असा की आरंभीची मांडामांड झाल्यावर नवी मेमरी मागायची नाही. मोटारींच्या नियंत्रणासाठी सी भाषेत लिहिणाऱ्यांचे ‘मिस्रा’ नियमही याच बाजूचे. आमच्या खात्यातही हेच चालतं, आणि नवा माणूस आला की पहिले काही आठवडे त्याला हे जाचतं.

मग सगळ्यांनी असंच लिहावं का? मुळीच नाही. दुकानाचं बिल, शाळेचा निकाल, वाचनालयाची यादी अशा कामांत मी स्वतः डोळे मिटून लिस्ट घेते. तिथे लांबीचा अंदाज बांधत बसणं म्हणजे वेळ घालवणं, आणि अंदाज चुकला की वर माणसांचं नुकसान. आकडा निसर्गाने किंवा नियमाने बांधलेला असेल तेव्हा ॲरे: वर्षाचे १२ महिने, बुद्धिबळाची ६४ घरं, १९२० गुणिले १०८० च्या चित्राचे २०,७३,६०० ठिपके. किती येणार याचा बरा अंदाज असेल तर लिस्टला तो आधीच सांगता येतो, जावा आणि सी प्लस प्लस दोन्हींत तशी सोय आहे. मधली हमाली वाचते. फार थोडे लोक ती वापरतात. आणि यादीत भर घालणारा माणूस किंवा यंत्र आपल्या ताब्यातलं नसेल, बाहेरून कुणीही काहीही पाठवू शकत असेल, तर लिस्ट असली तरी तिला कमाल मर्यादा घालाच. वाढू शकते म्हणजे वाढू द्यावी असं नसतं.

त्या तरुणाला मी शेवटी आमच्या एका मीटरची ‘लोड सर्व्हे’ची फाइल उघडून दाखवली. दर अर्ध्या तासाला एक नोंद, दिवसाला ४८, आणि ठेवायच्या ४५ दिवसांच्या. म्हणजे २,१६० जागांचा ॲरे. एका नोंदीला आठ बाइट, एकूण १७,२८० बाइट, ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये आरामात. शेवटची जागा भरली की लिहिणारा पुन्हा शून्यावर येतो आणि सगळ्यात जुनी नोंद पुसून तिथे नवी लिहितो. यादी कायम भरलेली आणि तरीही कधीच न तुंबणारी. हे त्याला आवडलं. लगेच म्हणाला, "मग घटनांच्या नोंदीही अशाच फिरत्या ठेवू. शंभर जागा."

घटना म्हणजे वीज गेली, आली, व्होल्टेज घसरलं, मीटरजवळ कुणी लोहचुंबक आणला, कव्हर उघडलं. मी त्याला म्हटलं, समज, तू वीजचोर आहेस. आज चुंबक लावलास आणि मीटरने ते लिहून ठेवलं. आता ती नोंद घालवायला काय करशील?

त्याने फार वेळ घेतला नाही. "मेन स्विच खालीवर करत बसेन. पन्नास वेळा बंद, पन्नास वेळा चालू. शंभर नोंदी झाल्या की चुंबक पुसला."

म्हणून घटनांच्या प्रकारागणिक ॲरे वेगळे ठेवतात. वीज जाण्यायेण्याच्या नोंदी आपल्या कप्प्यात कितीही फिरल्या तरी चुंबकाच्या कप्प्याला धक्का लागत नाही. मीटरशी संवाद कसा साधायचा हे ठरवणाऱ्या आयएस १५९५९ या भारतीय मानकात तर न फिरणाऱ्या घटनांचा एक स्वतंत्र गट आहे, आणि मीटरचं कव्हर उघडणं त्या गटात येतं. बाकी सगळ्या याद्यांत नवी नोंद जुनीला ढकलून देते. इथे कप्पा भरला की नवीला मनाई. कव्हर पुढे कितीदाही उघडा, पहिल्यांदा उघडल्याची तारीख आणि वेळ जागची हलत नाही. त्या तरुणाने शंभराचा एक ॲरे होता तिथे सहा केले, आणि प्रत्येकापुढे भरल्यावर काय करायचं ते एका ओळीत लिहिलं. चुंबकाच्या कप्प्याला किती जागा द्यायच्या यावरून आमचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. तो म्हणतो वीस, मी म्हणते पन्नास.